जनगणनेत पणजोबा सापडत नाहीत, मग शोधायचे कुठे?

"मावशी, १९३१ ची जनगणना कुठं भेटते? आमच्या पणज्याचं नाव पाह्याचं आहे त्यात." गावाकडची पोरं मला हे सारखं विचारतात. इंग्लंडमध्ये शंभर वर्षं उलटली की जनगणनेच्या घरोघरच्या याद्या लोकांना पाहायला मिळतात. १९२१ च्या याद्या २०२२ साली खुल्या झाल्या. अमेरिकेत ७२ वर्षांनी होतात. मोबाइलवर ते व्हिडिओ पाहून आपल्याकडंही तसंच असणार, असं पोरांना वाटतं.

तसं नाही. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नं घरोघरची माहिती गोपनीय ठेवली आहे. इंग्रजांच्या काळात मध्यप्रांतात १८६६ ला आणि वऱ्हाडात १८६७ ला पहिली मोजणी झाली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी मोजणी होऊ लागली. पण आकडे काढून तक्ते छापले की मूळ याद्यांचं काम संपायचं, त्या जपून ठेवल्या गेल्या नाहीत. १९३१ चे छापील खंड मिळतात. त्यात जिल्ह्यात कुणबी किती, तेली किती, गोंड किती हे आहे. तुमच्या पणजोबांचं नाव त्यात नाही.

म्हणून हात टेकू नका. शेती करणाऱ्या घराचं नाव सरकारी कागदावर दुसऱ्या वाटेनं चढत राहिलं आहे, कारण शेतसारा वसूल करायचा तर कोणतं वावर, म्हणजे शेत, कोण वाहतो हे लिहावंच लागायचं. मी आर्वी तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. सासर वर्धा नदीच्या पल्याड, तिवसा तालुक्यात. प्राथमिक शाळेत नोकरी केली आणि दोन्ही घरांची वंशावळ कागदांवरून बांधली. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते: माणसाच्या नावामागं लागू नका, वावराचा नंबर धरून मागं जा. नावं तीच तीच पुन्हा येतात. आज्याचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळं एकाच गावात एकाच नावाचे चार चार जण भेटतात. आडनाव तर जुन्या कागदावर बहुतेक वेळा नसतंच. नुसतं 'सखाराम वल्द पुंजाजी, कौम कुणबी, साकिन देह' एवढंच असतं, म्हणजे पुंजाजीचा मुलगा सखाराम, जात कुणबी, राहणार याच गावचा. वावर मात्र जागचं हलत नाही.

आधी घर, मग कचेरी

तहसिलीत जायच्या आधी घरातली आणि भावकीतली म्हातारी माणसं गाठा. "तुमच्या आज्याचं नाव काय?" असं एकदम विचारलं तर बरेचदा आठवत नाही. त्याऐवजी वावराबद्दल विचारा. कोणत्या वावराला काय म्हणत, धुऱ्याला (बांधाला) धुरा कोणाचा होता, वाटणी कधी झाली, कोणतं वावर सावकाराकडं गेलं. आमच्याकडं वावरांना नावं असतात: चिंचेचं, बरडाचं, नाल्यावरचं. काही वावरं माणसाच्या नावानं ओळखली जातात. माझ्या चुलत सासूबाईंना सासऱ्याच्या बापाचं नाव आठवेना. पण वावराचं विचारल्याबरोबर त्या म्हणाल्या, "त्या वावराले तं सारे गनपताचं वावर म्हनत. तो कोन होता मले नाई मालूम." तो गणपत म्हणजे त्यांच्या सासऱ्याचा आजा निघाला. पुढं जुन्या हक्क नोंदणीत त्याच नंबरापुढं त्याचं नाव मिळालं.

मूळ गाव विचारताना 'रिठ', म्हणजे उठून गेलेलं गाव, हा शब्द कानावर पडला तर तो लगेच लिहून घ्या. रोगराई, दुष्काळ, पुराच्या भीतीनं उठून गेलेली गावं आपल्याकडं पुष्कळ आहेत. गाव उठलं तरी महसुलात मौजा (महसुली गाव) राहिला आणि त्याचे कागद वेगळे राहिले. आज तुमचं घर ज्या गावात आहे तिथल्या दप्तरात एका ठरावीक वर्षामागं तुमचं कोणीच सापडत नसेल, तर शेजारच्या रिठाचं दप्तर मागा. इथं जनगणनेचा खरा उपयोग होतो. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत तालुक्यातलं एकेक गाव लोकसंख्येसह दिलेलं आहे आणि वस्ती नसलेली गावंही त्यात आहेत. या पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. आपल्या तालुक्याची पानं छापून जवळ ठेवा.

ट्रंकेतले कागदही काढायला सांगा: सारा भरल्याच्या पावत्या, जुनी खरेदीखतं, गहाणखतं, कोर्टाच्या निकालाच्या नकला. पण त्याआधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगून टाका, की मी हिस्सा मागायला आलेली नाही. जुने कागद मागणारा माणूस दिसला की भावकीच्या मनात पहिला विचार वाटणीचाच येतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. कागद घरी नेऊ नका. त्यांच्यासमोर, त्यांच्याच ओसरीवर फोटो काढा आणि त्याचा एक छापील संच त्यांना द्या.

नदीच्या कोणत्या बाजूचे तुम्ही?

विदर्भात शोध घेणाऱ्यानं हे आधी पक्कं करावं, कारण वर्धा नदीच्या अलीकडं आणि पलीकडं कागदांची जातच वेगळी आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचा चंद्रपूर) हा भोसल्यांचा मुलूख. तो १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केला, तिथं मालगुजारी बसली आणि पुढं तो मध्यप्रांतात गेला. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ म्हणजे वऱ्हाड. हा निजामाचा मुलूख १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या कारभारात आला. १९०२ मध्ये तो कायमचा पट्ट्यानं घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. वऱ्हाडात मुंबई इलाख्यासारखी रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा.

मालगुजारी गावात रयत मालगुजाराकडं सारा भरायची आणि तो सरकारला द्यायचा. म्हणून तिथल्या जमाबंदीत (साऱ्याच्या वहीत) आणि खसऱ्यात (वावरांच्या नंबरवार यादीत) कास्तकाराचं नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं गाव, खसरा नंबर आणि त्याचा हक्क असं सगळं सापडतं. हक्काचे शब्द नीट वाचा. 'मालिक मकबुजा' म्हणजे मालगुजारी गावात असूनही आपल्या वावराची मालकी असलेला. 'शीर' आणि 'खुदकास्त' ही मालगुजाराची स्वतःची जमीन. पूर्वजांच्या नावापुढं काय लिहिलंय यावरून त्या घराची तेव्हाची हालत कळते. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. त्यानंतर जो नवा लेखाजोखा झाला तो १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. नागपूर विभागातल्या माणसानं हा कागद सगळ्यात आधी काढावा. आजचा सातबारा आणि जुना बंदोबस्त, म्हणजे इंग्रजांच्या काळची जमीन मोजून सारा ठरवल्याची नोंद, यांच्या मधोमध तो उभा आहे. दोन्हीकडं जायची वाट त्यातूनच निघते.

वऱ्हाडात सर्व्हे नंबर, हक्क नोंदणी आणि पेरेपत्रक (पिकांची नोंद) बघायचं. कोणत्या साली कोणत्या वावरात कपाशी होती, कुठं ज्वारी होती, हे पेरेपत्रकात मिळतं. वंशावळीला त्याची गरज नाही, पण मी ते आवर्जून उतरवून घेते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, कापसाचा भाव मुंबईशी जोडला गेला आणि सावकाराचं कर्जही वाढत गेलं. त्या काळातली गहाणखतं वाचली की घराचं एखादं वावर कसं गेलं ते समजतं. घरात पाटीलकी किंवा पटवारकी असेल तर वतनाच्या चौकशीचे कागद जरूर शोधा. वतन कोणाकडं जाणार हे ठरवायला वंशावळ जोडावीच लागायची, म्हणून त्यात कधी कधी चार पिढ्या एकाच कागदावर मिळतात.

कागदाच्या मथळ्यावर 'मध्यप्रदेश' दिसलं तर तो दुसऱ्या राज्याचा कागद आहे असं समजून बाजूला ठेवू नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. त्यानंतर १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्य. तालुक्यांचंही तसंच. १९६१ साली वर्धा जिल्ह्यात वर्धा, आर्वी, हिंगणघाट एवढेच तालुके होते. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुकाच नव्हता. गडचिरोली चांद्यात होता, गोंदिया भंडाऱ्यात आणि वाशिम अकोल्यात. म्हणून नव्या तहसिलीत "रेकॉर्ड नाही" असं उत्तर मिळालं तर जुन्या तालुक्याचं ठिकाण आणि जुन्या जिल्ह्याची रेकॉर्ड रूम गाठा.

नंबर धरून मागं

आजचा सातबारा घ्या. त्यावरच्या फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) क्रमांकांची यादी करा आणि तलाठ्याकडून किंवा तहसिलीतून एकेक फेरफार काढा. वारसाचा फेरफार सगळ्यात मोलाचा, कारण मयत कधी झाला, बायको कोण, मुलं-मुली किती, हे सगळं त्याच्या चार ओळींत असतं. मागं जाताना एका ठिकाणी नंबर बदलतो. जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालेल्या गावात जुन्या नंबरांचे गट झाले, त्यामुळं जुना नंबर आणि गट नंबर यांचा मेळ दाखवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा लागतो. तो मिळाला की पुढचं सगळं सोपं होतं. मिळाला नाही तर चतुःसीमा आणि क्षेत्र जुळवून बघा: पूर्वेला कोण, पश्चिमेला नाला की पांधण. अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांचे जुने महसुली कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलेत, तेवढी फेरी वाचते. कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून राज्यभर झाला, तेव्हाही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदी गावनिहाय टाकल्या गेल्या. तुमचं घर कुणबी असेल तर तिथं आधी पाहा.

जातपडताळणीच्या निमित्तानं बरीच घरं या कागदांपर्यंत पोचलेली असतात. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा. तेवढा एक कागद हाती लागला की लोक फाइल बंद करतात. माझं सांगणं आहे, की त्याच दप्तरात अजून दोन पानं मागं जा. अर्ज तोच, नक्कलची फी तीच.

कोतवाल बुक

जन्म-मृत्यूसाठी आपल्याकडचा सगळ्यात जिवंत कागद म्हणजे कोतवाल बुक. कोतवाल म्हणजे गावकामाचा सरकारी शिपाई. गावात जन्म झाला, मरण झालं की त्याची नोंद व्हायची आणि कोतवाल ते पुस्तक घेऊन पोलीस ठाण्यावर जायचा. लिहिणारा बहुधा दुसराच कोणी असायचा, त्यामुळं एकाच गावात दर काही वर्षांनी अक्षर बदलतं. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यूच्या पानावर वय आणि कारण. बाळाचं नाव मात्र पुष्कळदा नसतं, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली असते. म्हणून 'अमक्याला मुलगा झाला' एवढ्यावरून तो आपलाच आजा, असं ठरवता येत नाही. शाळेच्या दाखल खारीज नोंदवहीतल्या जन्मतारखेशी ताडून बघा. त्या तारखेतही एक खाचखळगा आहे. जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर १ जुलै लिहीत. वर्ष अंदाजानं धरा, दिवस धरू नका.

१९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं काढाल तर मन घट्ट करून काढा. त्या साली इन्फ्लुएंझानं मध्यप्रांत-वऱ्हाडात फार माणसं नेली. माझ्या माहेरच्या गावच्या पुस्तकात एरवी एका पानावर कित्येक महिन्यांचे मृत्यू मावतात. तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानंच्या पानं भरलेली आहेत. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप', आणि पुढं पुढं तर लिहिणाऱ्यानं तोही शब्द न लिहिता नुसत्या वरच्यासारख्याच्या खुणा केल्यात. एकाच आठवड्यात आमच्या घरचे दोघं भाऊ त्या पानावर आहेत. त्यानंतरच्या जमाबंदीत त्याच वावरापुढं मुलाचं नाव येतं, मागं 'अज्ञान' (वयात न आलेला) आणि पुढं 'पालनकर्ती आई' म्हणून माझ्या आजोबांच्या आईचं नाव. घरात तिला सगळे मोठी माय म्हणत, खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. नवरा आणि दीर गेल्यावर सारा भरून ते वावर तिनं राखलं, हे आम्हाला त्या दोन कागदांनी सांगितलं.

म्हणून बायकांची नावं खाली सोडू नका. जुन्या कागदात बाई येते ती 'बेवा' (विधवा), 'जौजे' (बायको), 'पालनकर्ती' म्हणून. जिथं हा शब्द दिसेल तिथं थांबा आणि पूर्ण ओळ उतरवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारात मुलींची नावं येऊ लागतात. त्यातल्या किती नावांपुढं लगेच हक्कसोडही झालेली असते, पण नाव तर राहतं. आत्या, आजेआत्या कुठं दिल्या ते त्या गावांवरून कळतं. वंशावळीत मुलींची ओळ काढा आणि त्यांच्या सासरचं गावही लिहा.

ज्यांच्याकडं जमीन नव्हती, सालदारी आणि मोलमजुरी करून जगले, त्यांचा माग कोतवाल बुक, दाखल खारीज आणि १९५१ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून लागतो. ही नोंदवही १९५१ च्या जनगणनेबरोबरच गावोगाव तयार झाली. घरातल्या प्रत्येकाचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, पोटापाण्याचं साधन त्यात आहे. जनगणनेत नाव शोधणाऱ्याला हवं असतं ते याच कागदात आहे. सगळ्याच गावांची ती टिकलेली नाही. पण विचारल्याशिवाय कोणी काढून देत नाही, म्हणून अर्जात तिचं नाव स्वतंत्र ओळीत लिहा. धरणात किंवा कालव्यात जमीन गेलेली घरं असतील तर भूसंपादनाचा निवाडाही मागा. मोबदला कोणाकोणाला द्यायचा म्हणून त्यात वारसांची नावं एकत्र येतात.

मोडी, फसली आणि कचेरीतली रीत

खूप मागं गेलात की मोडी लागेल. पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे आणि हे खातं मोडीचे वर्गही घेतं. पण मला विचाराल तर स्वतः थोडी तरी शिका. आपल्या गावाचं नाव, घरातली चार नावं आणि आकडे एवढं ओळखता आलं तरी कोणतं पान वाचून घ्यायचं ते कळतं. निजामाच्या काळच्या कागदात फसली सन असेल तर त्यात ५९० मिळवा, शक असेल तर ७८. मारवाडी सावकाराच्या वहीत संवत असेल तर ५७ वजा करा. लोक 'छप्पनचा दुष्काळ' म्हणतात तो संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा. म्हातारी माणसं "छप्पनच्या साली आलो" म्हणाली की वर्ष तिथंच मिळालं.

त्र्यंबकेश्वर-नाशिकला घरातलं कोणी क्रियाकर्माला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गाव आणि आडनावावरून शोधता येतं. भाट, म्हणजे घराण्याच्या वंशावळी सांगणारे, येत असतील तर त्यांची पोथी ऐकून घ्या, पण तिच्यातला राजपुतान्यापासूनचा वंश वंशावळीत घालू नका. आज्या-पणज्यापर्यंतची नावं घ्या आणि कागदाशी जुळली तरच ठेवा. एका माणसासाठी दोन वेगळे कागद जुळल्याशिवाय नाव पेनानं लिहायचं नाही, तोवर पेन्सिलनं. मी दोन्ही घरांसाठी हेच पाळलं.

नक्कलच्या अर्जात 'आमच्या पूर्वजांचे सर्व अभिलेख' असं लिहू नका, ते कोणालाच शोधता येत नाही. मौजा, जुना तालुका, सर्व्हे किंवा खसरा नंबर, कागदाचं नाव आणि वर्षाची मर्यादा लिहा. कोर्ट फीचं तिकीट लावा आणि पोच घ्या. मार्चमध्ये वसुलीची घाई असते, निवडणुकीच्या दिवसांत माणसंच जागेवर नसतात, ते दोन्ही टाळा. "जीर्ण आहे, नक्कल देता येत नाही" असं सांगितलं तर तसं लेखी मागा आणि पान निदान बघू द्या अशी विनंती करा. ते पान उलटताना कोपऱ्याला धरू नका, खालून पूर्ण तळहात घालून उलटा. थुंकी लावून तर कधीच नाही. नक्कल हातात आली की खिडकीवरून हलायच्या आधी मौजा, वर्ष आणि शिक्का तपासा. घरी येऊन त्याच दिवशी वहीत लिहा: कोणत्या कचेरीतून, कोणत्या बस्त्यातून (कागदांच्या गाठोड्यातून), कोणत्या पानावरून घेतलं ते. पुढं तुमच्या भावकीतल्या कोणाला तेच पान पुन्हा काढायचं असेल तर त्याला तेवढ्यावरून काढता आलं पाहिजे.